आल्पीन ए-११० : पूर्वरूप आणि उत्तररूप

एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वस्तूंची तुलना करू लागताच पहिला अडसर त्या नावाचाच होतो. नाव टिकून राहिलेले असते. म्हणून वस्तूही टिकून राहिली असावी, असे गृहीत धरले जाते. ग्रंथांच्या बाबतीत हा अडसर मराठीच्या अभ्यासकांस नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यापूर्वीचा आणि त्यानंतरचा, असे दोन्ही पाठ 'ज्ञानेश्वरी' याच नावाने वावरतात, आणि मूळचा पाठ कोणता हा वाद एवढा चिवट होण्याचे एक कारण त्या नावाच्या सातत्यात आहे. यंत्रांच्या इतिहासातही नेमका हाच प्रश्न उद्भवतो. यंत्रालाही पाठभेद असतात. त्यालाही नकला, प्रक्षेप आणि शुद्धिपत्रे लाभतात. फरक एवढाच की, पोथीच्या लेखनिकाला जे नकळत घडते ते कारखान्यात पुष्कळदा जाणूनबुजून आणि हिशेब मांडून घडते.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप या बंदरगावी १९६२ ते १९७७ या काळात तयार झालेली आल्पीन कंपनीची ए-११० ही क्रीडामोटार अशा अभ्यासासाठी विशेष सोयीची आहे. पंधरा वर्षे एकच नाव, जवळजवळ एकच बाह्याकृती आणि आत मात्र क्रमाक्रमाने बदललेले यंत्र, असा हा प्रकार आहे. आज या गाडीचे नाव निघताच जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते ठरलेले आहे : निळा रंग, जमिनीला भिडलेले अंग, पुढे चार दिवे, फुगीर मडगार्ड आणि बर्फातल्या घाटात तिरपी होऊन वळणारी शेपटी. हे चित्र खोटे नाही. परंतु ते १९७० च्या आसपासच्या 'सोळाशे'चे चित्र आहे, १९६२ च्या गाडीचे नव्हे. उत्तररूपाने पूर्वरूपाची जागा घेतली एवढेच येथे घडलेले नाही. पूर्वरूपाच्या स्मृतीचीही जागा त्याने घेतली आहे. ही अदलाबदल कशी झाली आणि तिच्यामुळे काय दिसेनासे झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

*

या गाडीचा जनक जाँ रेदेले (१९२२-२००७) हा दिएपचा रहिवासी आणि रेनो कंपनीचा तेथील विक्रेता होता. महायुद्धानंतर रेनोने '४ सीव्ही' नावाची छोटी, स्वस्त, मागे इंजिन असलेली गाडी बाजारात आणली. ती सामान्य कुटुंबासाठी होती. रेदेलेने हीच गाडी शर्यतींत उतरविली आणि इटलीतील 'मिले मिलिया' या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत लहान इंजिनांच्या वर्गात यश मिळविले. आल्प्स पर्वतातील 'कूप दे झाल्प' या घाटरस्त्यांच्या स्पर्धेतील अनुभवावरून त्याने १९५५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीला 'आल्पीन' हे नाव दिले. एका सपाट किनारी गावातील कारखान्याला पर्वताचे नाव मिळावे यात विसंगती वाटेल; पण नाव स्थळावरून पडलेले नाही, कार्यावरून पडलेले आहे.

पहिल्या ए-१०६ या गाडीच्या आकड्यातील '१०६' ही ४ सीव्हीच्या कारखानी संकेतांकाची खूण होती. अर्थात हे नावच परावलंबन सांगणारे होते, आणि ते परावलंबन रेदेलेने कधी लपविले नाही. त्याची सारी रीत एका गृहीतावर उभी होती : इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सुकाणू हे सर्व रेनोच्या रोजच्या गाड्यांतून घ्यावयाचे, त्यांभोवती हलके शरीर उभारावयाचे, आणि शक्तीची उणीव वजनाच्या उणिवेने भरून काढावयाची. काचतंतू व रेझिन यांच्या कवचाचा उपयोग येथूनच सुरू झाला. हे काम आरंभी शाप बंधूंच्या कार्यशाळेत होत असे.

दोफीन या गाडीच्या सुट्या भागांवर बेतलेली ए-१०८ ही पुढची पायरी. तिच्या एका प्रकारात, सुमारे १९६० साली, मध्यवर्ती नळीचा चेसिस आला, आणि आल्पीनच्या इतिहासातील खरे संक्रमण हेच होय. गाडीच्या मध्यातून जाणारी पोलादाची एकच जाड नळी, तिच्या दोन्ही टोकांना चाके व इंजिन पेलणाऱ्या चौकटी, आणि वरून चिकटविलेले काचतंतूंचे कवच, अशी ही रचना होती. पाठीचा कणा आणि त्यावरचे कातडे अशी उपमा सहज सुचते, आणि फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांतील तंत्रशब्दांत ती आहेच. हा कणा ए-११० मध्ये १९६२ पासून १९७७ पर्यंत कायम राहिला. तुलनेत जे बदलले नाही तेही नोंदले पाहिजे. कारण बदल मोजावयाचा तो अशा स्थिर गोष्टीच्या आधारानेच.

या प्रकाराला 'बेर्लिनेत' म्हणत. 'बेर्लीन' हा मुळात बर्लिन शहराच्या नावावरून आलेला घोडागाडीचा एक प्रकार. मोटारींच्या युगात फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चार दारांची बंदिस्त घरगुती गाडी असा झाला, आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप मात्र दोन माणसांच्या शर्यती गाडीकडे गेले. लघुत्वदर्शक प्रत्यय केवळ आकार लहान करीत नाही, तो वस्तूचा वर्गच पालटतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

*

ए-११० ही १९६२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात मांडली गेली. ए-१०८ पासून तिला वेगळे काढणारी गोष्ट म्हणजे तिचा नवा दाता. त्याच वर्षी रेनोने 'आर-८' ही गाडी काढली होती. तिचे इंजिन ९५६ घन सेंटिमीटरचे, ओतीव लोखंडाचे, पाच आधारांवर फिरणाऱ्या दंडाचे होते, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. त्या किमतीच्या कौटुंबिक गाडीत ही गोष्ट त्या वेळी दुर्मिळ होती. हे सर्व ए-११० कडे जसेच्या तसे आले. नवे इंजिन सामावून घेण्यासाठी शेपटीचा भाग नव्याने घडवावा लागला. इटालियन आरेखक जोव्हान्नी मिकेलोत्ती याच्या आराखड्यांतून आलेली पुढची रेषा मात्र बहुतांशी तीच राहिली.

लांबी सुमारे ३.८५ मीटर, चाकांमधील अंतर २.१० मीटर, उंची अवघी १.१३ मीटर, आणि वजन सहाशे किलोच्या आत. अश्वशक्ती जेमतेम पन्नास-पंचावन्न. आजच्या वाचकाला हे आकडे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे, आणि पुढच्या गाड्यांशी तुलना करणारे पुष्कळ लेखक या गाडीकडे अपुरी, अजून 'व्हावयाची' असलेली गाडी म्हणूनच पाहतात. हा दृष्टिदोष आहे. पूर्वरूपाला उत्तररूपाच्या मापाने मोजले की ते नेहमीच अपुरे दिसते. तेराव्या शतकातील मराठीला एकोणिसाव्या शतकाच्या व्याकरणाने मोजणाऱ्याला तिच्यात नियमभंगच दिसतील. १९६२ ची गाडी स्वतःच्या हिशेबात पूर्ण होती. अरुंद टायर, कमी शक्ती, चारही चाकांना पुरेसे ब्रेक आणि अत्यंत कमी वजन या चार गोष्टी परस्परांस तोलून धरीत होत्या. अशा गाडीत वेग मिळवायचा तो वळणापूर्वी तो गमावू न देऊन. इंजिनाच्या जोरावर तो परत मिळविण्याची सोय चालकाला नव्हती. पुढील पंधरा वर्षांचा इतिहास हा हा तोल एकेका टोकाला बिघडण्याचा आणि दुसऱ्या टोकाला सावरण्याचा इतिहास आहे.

*

तोल प्रथम बिघडविला तो इंजिनाने. ९५६ नंतर ११०८ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. आणि १९६४ मध्ये अमेदे गोर्दिनी या इटलीत जन्मलेल्या यंत्रविशारदाने आर-८ साठी सिद्ध केलेले ११०८ चेच, परंतु नव्या शिरोभागाचे इंजिन उपलब्ध झाले. घनफळ तेवढेच असूनही त्याची शक्ती ९५ अश्वशक्ती सांगितली जाई. ते लवकरच आल्पीनमध्ये आले. त्यापाठोपाठ १२५५ घन सेंटिमीटरचे गोर्दिनी इंजिन आणि मार्क मिन्योते याने सिद्ध केलेले १२९६ चे 'तेराशे-एस' आले. हे सर्व ओतीव लोखंडाच्या एकाच इंजिन-कुळातील वंशज होते. चार-पाच वर्षांत शक्ती दुपटीहून अधिक झाली. कणा तोच, मागची चाके पेलणारी यंत्रणाही तत्त्वतः तीच.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. साठीच्या दशकातील फ्रेंच पत्रकांत अश्वशक्ती पुष्कळदा 'एसएई' या अमेरिकन पद्धतीने दिलेली असे. त्या मोजणीत इंजिन त्याच्या पूरक यंत्रांच्या ओझ्यावाचून तपासले जाई, त्यामुळे आकडा फुगत असे. पुढे जर्मन 'डीआयएन' पद्धत रूढ झाली आणि त्याच इंजिनाचा आकडा खाली आला. दोन काळांतील पत्रके शेजारी ठेवून वजाबाकी करणारा, मापाची भाषा बदलली आहे हे विसरतो. १६०० एस या गाडीचे १३८ अश्वशक्ती हे सर्वत्र उद्धृत होणारे माप एसएईचे आहे; डीआयएन पद्धतीने ते सव्वाशेच्या आसपास येते.

ही १६०० एस म्हणजे तुलनेतील दुसरा ध्रुव. रेनोने १९६५ मध्ये 'आर-१६' काढली. ती पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोठी घरगुती गाडी होती, आणि तिचे इंजिन ॲल्युमिनियमचे होते. १९६८ मध्ये तिची टीएस ही अधिक शक्तिमान आवृत्ती १५६५ घन सेंटिमीटरच्या इंजिनासह आली. साठीच्या दशकाच्या अखेरीस हेच इंजिन ए-११० च्या शेपटीत बसविण्यात आले. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम आल्यामुळे घनफळ वाढूनही मागच्या टोकावरचा भार त्या प्रमाणात वाढला नाही. अशा रीतीने १९६२ आणि १९७० या दोन्ही वर्षांच्या ए-११० मध्ये रेनोचेच इंजिन असले तरी त्या दोन इंजिनांत कुळाचा संबंध नाही. पहिल्या गाडीत आर-८ बोलते, दुसरीत आर-१६. आल्पीनच्या इतिहासाचे खंड पाडावयाचे झाल्यास ते येथे पाडले पाहिजेत. दिव्यांच्या संख्येवरून किंवा मडगार्डांच्या रुंदीवरून नव्हे.

*

मागच्या चाकांची यंत्रणा हा या तुलनेतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. आर-८ कडून आलेली व्यवस्था 'झुलत्या आसा'ची होती. गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धा आस, आतल्या टोकाशी बिजागरीसारखा जोडलेला. बाहेरच्या टोकाला चाक. चाक वर-खाली झाले की आस झुलतो आणि त्याबरोबर चाकाचा कलही बदलतो. सरळ रस्त्यावर यात काही बिघडत नाही. पण वेगाने वळण घेताना चालकाने अचानक पाय उचलला, तर मागचे अंग वर येते, बाहेरचे चाक खाली दुमडू लागते, त्याची पकड सुटते, आणि इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असल्याने शेपटी पुढे धावू पाहते. या दोषावर आल्पीनने मूलगामी उपाय केला नाही. त्याला वेसण घातली. गाडी खाली बसविली, मागची चाके मुळातच वरच्या बाजूने आत कललेली ठेवली, आणि प्रत्येक मागच्या चाकाला दोन-दोन धक्काशोषक दिले. मागून पाहिल्यास फेंगड्या पायांवर उभी असल्यासारखी दिसणारी ए-११० ही या तडजोडीची दृश्य खूण आहे. ज्याला पुष्कळ रसिक सौंदर्य मानतात ते मुळात एका दोषावरचे बंधन होते.

आता येथे इतिहासाने केलेली गंमत पाहण्यासारखी आहे. शास्त्रीय दृष्ट्या सदोष अशा याच झुलत्या आसावर आल्पीनने आपली कीर्ती मिळविली. जाँ व्हिनातिए याने १९६९ मध्ये 'कूप दे झाल्प' जिंकली, आणि ज्या स्पर्धेने कंपनीला नाव दिले तिच्या इतिहासात कंपनीचे नाव कायमचे कोरले गेले. १९७१ च्या जानेवारीत माँटे कार्लो रॅलीत स्वीडनचा ओव्हे अँडरसन पहिला आणि जाँ-ल्युक तेरिये दुसरा आला. दोघेही १६०० च्या बेर्लिनेतमध्ये होते. त्याच वर्षी उत्पादकांचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद आल्पीन-रेनोकडे गेले. बर्फाच्या आणि ओल्या घाटरस्त्यावर मागे असलेले इंजिन हे ओझे नव्हते. ते मागच्या चाकांना जमिनीवर दाबून धरीत होते. आणि शेपटी सुटण्याची खोड कुशल चालकाच्या हाती वळण लवकर आटोपण्याचे साधन झाली. कोरड्या शर्यतपटावरचा दोष हिवाळ्यातील घाटात गुण ठरला. गुणदोष वस्तूत असतात की वस्तू आणि तिचे स्थान यांच्या संबंधात असतात, हा प्रश्न येथे तात्त्विक राहत नाही.

१९७३ मध्ये जागतिक रॅली विजेतेपदाची स्पर्धा प्रथमच भरली. आल्पीन-रेनोने माँटे कार्लो, पोर्तुगाल, मोरोक्को, अक्रोपोलिस, सान रेमो आणि कोर्सिका अशा सहा रॅली जिंकून ते पटकाविले. माँटे कार्लोत तर पहिले तिन्ही क्रमांक बेर्लिनेतचे होते : आंद्र्यूए, अँडरसन आणि निकोला. कंपनीच्या स्पर्धागाड्यांतील इंजिन तोवर सुमारे १८०० घन सेंटिमीटरपर्यंत वाढविलेले होते. त्याच वर्षी रेनोने आल्पीनची बहुतांश मालकी आपल्याकडे घेतली. आणि त्याच सुमारास, म्हणजे कीर्तीचे शिखर गाठल्यावर, विक्रीच्या गाडीतून झुलता आस गेला. १६०० एससी व इंधन-अंतःक्षेपणाची एसआय या नव्या आवृत्तींत १९७१ च्या ए-३१० या भावी वारसदाराची दुहेरी त्रिकोणी बाहूंची यंत्रणा बसविण्यात आली. या यंत्रणेत चाक वर-खाली होताना त्याचा कल फारसा बदलत नाही. गाडी अधिक विश्वासार्ह, अधिक सौम्य आणि अर्थातच अधिक वजनदार झाली. अकरा वर्षे जो दोष सांभाळला, वेसणीत ठेवला आणि शेवटी विजयाचे हत्यार केला, तो नाहीसा झाला तेव्हा त्या सुधारणेची कीर्तीला गरजच उरलेली नव्हती.

विकासाचा क्रम चढता असतो ही समजूत शेवटच्या आवृत्तीपाशी पूर्णपणे ढासळते. १९७६ ची १६०० एसएक्स ही कालक्रमाने सर्वांत नवी. तिचे घनफळ १६४७, म्हणजे १६०० एसपेक्षा अधिक. परंतु शक्ती शंभर अश्वशक्तीच्याही आत. १९७३ च्या अखेरचे तेलसंकट, फ्रान्समधील रस्त्यांवर आलेल्या वेगमर्यादा आणि ए-३१० कडे वळलेले कंपनीचे लक्ष यांच्या छायेत ती जन्मली. तिच्यात आर-१६ टीएक्सचे इंजिन जवळजवळ घरगुती अवस्थेतच होते. एका अर्थी ती १९६२ च्या रीतीकडे परतली होती : रोजच्या गाडीचे इंजिन, फारशी छेडछाड न केलेले. मात्र १९६२ चे वजन आता परत येणार नव्हते.

*

बाह्याकृतीच्या बदलांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण ते प्रसिद्ध आहेत. आरंभीचा चेहरा पारदर्शक आच्छादनाखालील दोन दिव्यांचा होता. रात्रीच्या रॅलींसाठी जादा दिवे लावले जात. पुढे ते कवचातच सामावले गेले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर चार दिवे हाच ठराविक चेहरा झाला. टायर रुंद झाले तसे मडगार्ड फुगले. म्हणजे चेहरा आणि अंग या दोहोंतील बदल स्पर्धेतून आले आणि रस्त्यावरच्या गाडीत स्थिरावले. बोलीतील प्रयोग प्रमाणभाषेत शिरावा तसा हा क्रम आहे.

नावाच्या अर्थातील बदल त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. १९६० च्या दशकात 'ए-११०' हे एका कुटुंबाचे नाव होते. बेर्लिनेतबरोबरच छप्पर उघडणारी गाडी आणि 'जीटी-४' नावाची, मागे दोन जादा आसने असलेली, लांब अंगाची गाडीही त्याच नावाखाली विकली जाई. दशक संपेपर्यंत ही दोन्ही भावंडे बंद पडली. बेर्लिनेत एकटी उरली आणि ए-११० म्हणजे बेर्लिनेत असे समीकरण झाले. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात त्याचाच हा प्रकार. संकोच पूर्ण झाल्यावर पूर्वीचा व्यापक अर्थ ठाऊक असलेल्याला जीटी-४ दाखविली तर तो ओळखतो. इतरांना ती आल्पीनच वाटत नाही.

परवान्याने अन्य देशांत झालेल्या उत्पादनाचा पुरावा येथे उपयोगी पडतो. मेक्सिकोत 'दिनाल्पीन' या नावाने, बल्गेरियात १९६७ ते १९६९ या अल्पकाळात 'बुल्गारआल्पीन' या नावाने, आणि स्पेनमध्ये वाय्यादोलीद येथे १९६७ पासून ही गाडी तयार होत असे. स्पेनमधील उत्पादन १९७८ पर्यंत, म्हणजे दिएपनंतरही, चालले. महत्त्वाची गोष्ट अशी की, दिएप येथे कीर्ती आर-१६ च्या ॲल्युमिनियम इंजिनाकडे गेली तरी वाय्यादोलीदच्या गाड्या अखेरपर्यंत ओतीव लोखंडाच्या जुन्या इंजिन-कुळाशी निष्ठावंत राहिल्या. केंद्रात लोपलेली रूपे परिघावर टिकतात हा बोलीभूगोलाचा परिचित सिद्धान्त आहे. तंजावरच्या मराठीचे उदाहरण अभ्यासकांपुढे आहेच. पूर्वरूपाच्या शोधात दिएपकडेच पाहणाऱ्याने स्पेनकडेही पाहिले पाहिजे. तथापि येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे : स्पेनने जुने कुळ राखले ते जतनाच्या भावनेने नव्हे, तर तेथील रेनो कारखान्यात जे इंजिन होत होते ते वापरणे भाग होते म्हणून. अर्थात दिएपची रीतही मुळात तीच होती.

*

कारखान्याने केलेले बदल तारखांनिशी मांडता येतात. त्यानंतर मालकांनी केलेल्या बदलांचे तसे नाही, आणि पूर्वरूपाची खरी हानी तेथे झाली आहे. १९६० च्या दशकातील ए-११० ही जुनी स्पर्धागाडी म्हणून हातोहाती फिरली. प्रत्येक मालकाने तिला 'अद्ययावत' केले : ९५६ किंवा ११०८ काढून तेराशेचे, तेराशे काढून सोळाशेचे इंजिन बसविले, अपघातात फुटलेल्या नाकाच्या जागी चार दिव्यांचे नवे नाक चिकटविले, रुंद चाकांसाठी मडगार्ड फुगविले. काचतंतूंचे कवच कापणे व जोडणे सोपे, आणि बहुतेक सर्व भाग रेनोच्या गोदामात उपलब्ध. त्यामुळे ज्या गुणांमुळे ही गाडी निर्माण होऊ शकली त्याच गुणांमुळे तिची मूळ रूपे पुसली गेली. पुढे किमती वाढल्या आणि बाजाराने १६०० एसला सर्वांत वरचे स्थान दिले, तेव्हा या प्रवाहाला जोर आला. ग्रंथसंपादक ज्याला पाठसंकर म्हणतात, म्हणजे एका परंपरेच्या पोथीत दुसऱ्या परंपरेचे पाठ शिरणे, तो येथे अक्षरशः घडला : चेसिसवर क्रमांक १९६४ चा, चेहरा १९७० चा, इंजिन त्याहून नंतरचे.

अशी गाडी जीर्णोद्धारासाठी आली की प्रश्न उभा राहतो. तिला कारखान्यातून निघाली त्या दिवसाकडे परत न्यावे, तर मधल्या चाळीस-पन्नास वर्षांचा आणि कदाचित एखाद्या प्रादेशिक रॅलीतील विजयाचाही पुरावा नष्ट होतो. आहे तशी ठेवावी, तर दोन दिव्यांच्या, अरुंद चाकांच्या गाड्यांची आधीच कमी असलेली संख्या आणखी घटते. संहितासंपादनात या पेचातून सुटण्याचा मार्ग आहे. स्वीकृत पाठ वर छापावा आणि पाठभेद तळाशी द्यावेत. कोणतीही पोथी त्यासाठी फाडावी लागत नाही. मोटारीला तळटीप देता येत नाही. एका कण्यावर एका वेळी एकच पाठ चढविता येतो, आणि दुसरा चढविण्यासाठी पहिला उतरवावाच लागतो. म्हणून जीर्णोद्धारापूर्वी गाडीच्या प्रत्येक थराची छायाचित्रे, मापे आणि भागांवरील क्रमांक यांची नोंद करणे हे येथे तळटिपेच्या जागी असलेले काम आहे. कवचाच्या आतील बाजूस जुन्या जोडांच्या कडा, बुजविलेली छिद्रे आणि रंगांचे थर राहिलेले असतात. लक्षपूर्वक पाहणाऱ्याला त्यांवरून नाक केव्हा बदलले याचा क्रम लावता येतो. सर्वांत भरवशाचा साक्षीदार अखेर मधली नळी व तिच्या मागच्या टोकाची चौकट हाच ठरतो. झुलत्या आसाची गाडी आणि दुहेरी बाहूंची गाडी यांच्या चौकटी तेथे भिन्न आहेत, आणि तो भेद फायबरच्या पट्टीने झाकता येत नाही.

ए-११० हे नाव रेनोने २०१७ च्या जिनेव्हा प्रदर्शनात एका सर्वस्वी नव्या गाडीला दिले. तिचा सांगाडा आणि अंग ॲल्युमिनियमचे, इंजिन मागच्या आसाच्या पुढे म्हणजे मध्यभागी, चारही चाकांना दुहेरी त्रिकोणी बाहू, आणि वजन सुमारे अकराशे किलो, म्हणजे १९६२ च्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. मध्यवर्ती नळी तिच्यात नाही, मागे टांगलेले इंजिन नाही, काचतंतूंचे कवच नाही. आरेखकांनी जुन्या गाडीतून जे उचलले ते बहुतेक सारे दिसण्यापुरते आहे. आणि त्यांनी उचलला तो चेहरा चार दिव्यांचा आहे.